पवनचक्क्या उतरतील, कागदांचं काय?

देवगडला 1986 साली पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा एका यंत्राची क्षमता होती 55 किलोवॅट. आजचं 3 मेगावॅटचं एकच यंत्र तसल्या 54 यंत्रांना पुरून उरतं. म्हणूनच जुनी यंत्रं उतरवून मोठी बसवण्याचं धोरण केंद्रानं 2016 मध्ये आणलं आणि 2023 मध्ये ते नव्यानं मांडलं. धोरण योग्यच आहे, कारण वाऱ्याच्या उत्तम जागा जुन्या यंत्रांनी अडवल्यात. पण यंत्र भंगारात जाताना त्याचे कागदही रद्दीत जाऊ शकतात, त्याचं काय?

कागद म्हणजे वाऱ्याच्या नोंदी, दरमहाच्या निर्मितीचे आकडे, बिघाडाच्या वह्या, जमिनीचे करार. हवामानशास्त्रज्ञ अॅना मणी यांनी देशभरातल्या वाऱ्याच्या नोंदी गोळा करून छापल्या, म्हणून पुढच्यांना पाया मिळाला. डेन्मार्कमध्ये गेडसरची 1957 ची पवनचक्की दहा वर्षं चालून बंद पडली होती. तेलसंकटानंतर तीच पुन्हा सुरू करून मोजमापं घेतली गेली. आज तिचे भाग तिथल्या ऊर्जा संग्रहालयात आहेत.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. नव्वदच्या दशकात घसाऱ्याच्या करसवलतीमुळे अनेकांनी पवनचक्क्यांत पैसा घातला. मालक एका शहरात, यंत्र दुसऱ्याच्या शिवारात, देखभाल तिसऱ्याच कंपनीकडे. साताऱ्याचं चाळकेवाडी-वनकुसवडे पठार असो की गदगचा कप्पतगुड्ड, कागद असे विखुरलेले असतात. त्यात कंपनी बुडाली किंवा विकली गेली की दप्तर कुठं गेलं, कोण सांगणार? 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, खासगी कंपन्यांना तो लागू नाही.

हा प्रश्न नुसत्या इतिहासप्रेमींचा नाही. नवं यंत्र आलं की उंच मनोरा, रुंद रस्ता, नवा करार हे सगळं ओघानं येतं. किती गुंठे दिले होते, रस्ता कुणाच्या हद्दीतून ठरला होता, मुदत संपल्यावर जमीन कशी परत मिळणार होती, हे जुन्या कागदावरच दिसतं. तो नसेल तर शेतकऱ्याच्या हातात फक्त तोंडी शब्द उरतो.

उपाय फार खर्चाचा नाही. जुनं यंत्र उतरवण्याची परवानगी देतानाच नोंदींची एक प्रत राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेकडे जमा करण्याची अट घालावी. महाराष्ट्रात ‘महाऊर्जा’ आहे, कर्नाटकात ‘क्रेडल’ आहे. आणि पठारावर ज्यांची जमीन आहे, त्यांनी सरकारची वाट न बघता ट्रंकेतला करार आजच शोधून त्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवाव्यात.