गाडी सापडली, पण ६०० किलोमीटर लांब



चोरीला गेलेली गाडी सापडली की घरात पेढे वाटायची घाई होते. मला विचाराल तर जरा थांबा. मालवाहू गाडी म्हणजे आपलं चालतं-फिरतं दुकान. ते परराज्यातल्या पोलीस ठाण्याच्या आवारात, टायर आणि बॅटरी नसलेलं उभं असेल, तर खरं काम आता सुरू होतं.

समजा, चाकणचा छोटा हत्ती इंदूरला सापडला. पहिला मोह काय होतो? तिथल्याच मेकॅनिककडून जुने टायर टाकायचे, बॅटरी बसवायची आणि चालवत घरी यायचं. हे करू नका. सर्व्हेअरने बघण्याआधी गाडीला पाना लागला, की कोणतं नुकसान चोरीतलं आणि कोणतं आधीचं, हे पटवून द्यायचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं. गाडी सापडल्याचं कंपनीला त्याच दिवशी ईमेलने कळवा आणि सर्व्हे कुठे करणार, गाडी हलवू का, याचं उत्तरही लेखीच मागा. फोनवरचं 'हो हो, आणा' क्लेमच्या वेळी कुणाला आठवत नाही. आणि चोरीच्या क्लेमचे पैसे आधीच मिळाले असतील, तर गाडीवर आता कंपनीचा हक्क आहे, हेही लक्षात ठेवा.

पोलिसांच्या दृष्टीने तुमची गाडी मुद्देमाल आहे. ती सोडवायला न्यायालयात अर्ज करून सुपुर्दनामा लिहून द्यावा लागतो. ठाण्यात गाड्या उगाच सडत ठेवू नयेत, फोटो-पंचनामा आणि बाँड घेऊन लवकर सोडाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ सालीच सांगितलंय. वकिलाला त्याची आठवण करून द्या. पंचनाम्याची प्रत मात्र सोडू नका. स्टेपनी नाही, स्टिअरिंगचं लॉक तोडलंय, डॅशबोर्ड फोडलाय, हे त्यात असेल तर क्लेमला पाया मिळतो.

आता पैशाचं बोलू, कारण धक्का इथेच बसतो. मालवाहू गाडीच्या मानक पॉलिसीत गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेणं आणि परत देणं, या सगळ्यासाठी मर्यादा आहे २५०० रुपये. इंदूरहून ट्रेलरवर टाकून आणायला यात काय होणार? दुसरं म्हणजे लाइट, टायर, मडगार्ड, बंपर, रंगकाम यांचं नुकसान गाडी टोटल लॉस झाली तरच मिळतं; एरवी त्यासाठी आयएमटी २३ हे जादा कलम घ्यावं लागतं. आणि चोर नेमकं काय काढून विकतो? टायर! त्यातून रबर, प्लास्टिक, बॅटरीवर ५० टक्के घसारा कापला जातो तो वेगळाच. धंदा बुडाला त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि बँकेचा हप्ता तर गाडी बंद आहे म्हणून थांबत नाही.

तरीही माझं मत असं, की मोठी दुरुस्ती असेल तर ट्रेलरचा खर्च सोसून गाडी घरी आणावी. इंजिन उघडल्यावर नवं काम निघतं, पुन्हा सर्व्हेअर, पुन्हा मंजुरी. प्रत्येक वेळी तुम्ही इंदूरच्या बसमध्ये बसणार का? तिकडे गेलेला प्रत्येक दिवस म्हणजे इकडे गिऱ्हाईक दुसऱ्याच्या गाडीला फोन लावतंय. दोन दिवसांचं किरकोळ काम असेल आणि तिथे कंपनीचं कॅशलेस गॅरेज असेल, तर मात्र खुशाल तिथेच उरका. आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर जात असेल, तर दुरुस्तीच्या भानगडीत पडूच नका. ती टोटल लॉसची केस आहे, तसा क्लेम मागा.

आणि ज्यांची गाडी आज दारात उभी आहे, त्यांनी पॉलिसीचा कागद काढून फक्त एवढं बघा: नुसती थर्ड पार्टी आहे की स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरलंय? नुसती थर्ड पार्टी असेल तर वरचं काहीच तुम्हाला लागू नाही, सगळा खर्च खिशातून. दुसरं, त्यावर आयएमटी २३ छापलंय का. नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी एजंटला आधी तेच विचारा, डिस्काउंट नंतर.