टक्के किती, आणि कशाचे?

‘या औषधाने धोका निम्म्याने घटतो’ असे वाचले की आपले मन चटकन विश्वास टाकते. परंतु शंभरांतील पन्नास रोग्यांचे पंचवीस झाले तरी धोका निम्मा, आणि हजारांतील दोहोंचा एक झाला तरीही निम्माच! पहिल्या औषधासाठी दागिना गहाण टाकावा; दुसऱ्यासाठी टाकण्यापूर्वी मात्र दहादा विचार करावा. टक्केवारी खोटी नसते. पण मूळ आकडा झाकून ठेवला की तीच दिशाभूल करते.

संशोधनाचे आकडे कसे मांडावेत, याचा एक उत्तम नमुना मराठी मुलखातच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ खेड्यांत नवजात अर्भकांची घरी जाऊन शुश्रूषा आरंभिली आणि ४७ खेडी तुलनेसाठी ठेवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. तुलनेच्या खेड्यांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. पण लेखक एवढ्यावर थांबले नाहीत. कार्यारंभापूर्वी, १९९३ ते १९९५ या काळात, हजार जन्मांमागे दोन्हीकडे अनुक्रमे ६२ व ५८ अर्भके दगावत होती. तिसऱ्या वर्षी शुश्रूषेच्या खेड्यांत हा दर २५.५ वर आला, हे त्यांनी स्पष्ट नोंदविले. शुश्रूषा करणारे निराळे आणि जन्ममृत्यू नोंदविणारे निराळे होते. आपल्या कामाचे मोजमाप आपणच केले, तर माप कळत-नकळत आपल्याकडे झुकते! शेवटी त्यांनी सामान्य माणसालाही उमजेल असा हिशेब दिला : १९९७-९८ मध्ये दर अठरा अर्भकांच्या शुश्रूषेमागे एक मृत्यू टळला.

पुढे २०११ साली शासनाने अर्भकांच्या गृहभेटींचा हा मार्ग देशभर ‘आशा’ कार्यकर्त्यांकडे सोपविला. आपल्या माळव्यात, मोहनखेड्याच्या परिसरातही, बाळंतिणीच्या दारी येणाऱ्या आशाताईमागे असा हा चोख हिशेब उभा आहे.

तेव्हा वाचकहो, नव्या उपचाराचे गुणगान कानी आले की तीन प्रश्न अवश्य विचारावेत. किती जणांमागे किती? कोणाशी तुलना करून? आणि मोजले कोणी? उत्तरे मिळेपर्यंत नवे औषध सुरू करण्याची घाई नको. आणि चालू असलेले औषधही वैद्यांना विचारल्याविना सोडू नये.