खाडा कुणाच्या वहीत?

श्रीपूरला गळीत हंगाम सुरू झाला की रानोरान कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तोडलेल्या उसाचं टनेज मुकादमाच्या वहीत चढतं. खाडा पडला की उचल फिटायची राहते. इथं दिवसाची किंमत लहान पोरालाही कळते. विनाकारण तुरुंगात गेलेल्या दिवसाची किंमत मात्र कोण ठरवणार?

नाशिकच्या २००३ मधल्या खटल्यात भटक्या जमातीच्या सहा गरीब मजुरांना सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये फाशी ठोठावली. त्याच न्यायालयानं ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि राज्यानं प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत, असं सांगितलं. ही रक्कम तुरुंगात गेलेल्या सोळा वर्षांनी भागून पाहा. दिवसाला जेमतेम ८५ रुपये!

बेकायदा अटकेची भरपाई युरोपात हक्क म्हणून मिळते. देशानं नाकारली तर स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात जाता येतं. अमेरिका खंडात आणि आफ्रिकेतही अशी न्यायालयं आहेत. आशियात एकही नाही. शिवाय, १९७९ मध्ये नागरी हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारताना भारतानं नेमका हाच हक्क बाजूला ठेवला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८३ च्या रुदुल साह निकालापासून आपली न्यायालयं भरपाई देतात खरी, पण ती न्यायाधीशांच्या विवेकावर.

उसाची एफआरपी, म्हणजे ठरलेला किमान दर, चौदा दिवसांत मिळाली नाही, तर कायद्यानं पंधरा टक्के व्याज लागू होतं. उसाला आहे तेवढा तरी कायदा माणसाला हवा.