चित्र आधी, किरण मागून

कोल्हापुरात ‘चित्र’ म्हटले की एक कुंचल्याने काढलेले आणि दुसरे पडद्यावर हलणारे, अशी दोन चित्रे डोळ्यांपुढे येतात. यंदा आमच्या शेजारच्या आप्पांमुळे तिसऱ्या चित्राची ओळख झाली.

आप्पा जुने पैलवान. माकडहाडापाशी ठणका लागला, तेव्हा ‘जुना मार असेल’ म्हणून सहा महिने मालीश आणि शेक चालला. रात्रीची झोप उडाली, तेव्हा कुठे तपासणी झाली. निदान : कॉर्डोमा. वर्षाला दहा लाखांत एखाद्यालाच होणारी ही हाडातली गाठ. गर्भात पाठीचा कणा ज्या दोरीसारख्या भागाभोवती घडतो, त्याच्या अवशेषांतून ती उपजते. बहुधा माकडहाडाशी किंवा कवटीच्या तळाशी.

पंचाईत अशी की, गाठीला लागूनच लघवी आणि पायांची सूत्रे सांभाळणारे मज्जातंतू. शस्त्रक्रियेत गाठ समूळ काढणे अवघड, आणि किरण द्यावेत तर मात्रा जबर लागते. म्हणजे चोराला बडवायचे, पण घरच्या माणसाला छडी लागता कामा नये!

येथे चित्र मदतीला येते. सीटी स्कॅन हाड दाखवतो, एमआरआय मऊ भाग. दोन्ही एकमेकांवर बसवून डॉक्टर गाठीची सीमा आखतात आणि मग किरणांची दिशा व मात्रा ठरते. पुढे रोज, किरण सोडण्यापूर्वी, टेबलावरच नवी प्रतिमा घेऊन रोगी आखल्या जागी आहे ना, हे ताडून पाहतात. प्रोटॉनच्या उपचारात तर याला फारच महत्त्व. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर बहुतेक शक्ती टाकून थांबतात. पलीकडे फारसे जात नाहीत. रॉबर्ट विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४६ साली ही कल्पना मांडली. आपल्याकडे २०१९ मध्ये चेन्नईत आणि २०२३ मध्ये टाटा रुग्णालयाच्या खारघर केंद्रात ती रोग्यांपर्यंत पोचली.

आप्पांनी डॉक्टरांना एकच विचारले, “मला चालता येईल ना?” डॉक्टरांनी वचन दिले नाही; “त्यासाठीच एवढी चित्रे काढतोय,” म्हणाले. आप्पांचे उपचार अजून चालू आहेत.

वाचकहो, हाडाचे प्रत्येक दुखणे काही गाठ नसते. पण विश्रांतीने न थांबणारा, रात्री जागवणारा ठणका आठवडेच्या आठवडे राहिला, मग तो आजोबांचा असो वा शाळकरी नातवाचा, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.