रंध्याची पाटी

या सदराच्या वाचकांकडून येणाऱ्या पत्रांत एक वाक्य हटकून असते: "हौस पुष्कळ आहे हो, पण हाताला सफाई नाही." हे म्हणणे अगदीच खोटे नाही. आपल्याकडचा जुना सुतार जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्यांत फळी धरून पटाशी चालवीत असे. त्याच्या हाताला ते वळण पोरवयातच लागलेले असे. तुम्ही-आम्ही कचेरी सांभाळून रविवारी रंधा धरणार! ते वळण आपण कुठून आणावे?

यावर तोड एकच. हाताने चुकायचे म्हटले तरी फारसे चुकता येऊ नये, असे एखादे साधन आधी करून घ्यावे. कारागीर त्याला 'जिग' म्हणतात. नाव भारदस्त, पण वस्तू म्हणजे बहुधा दोन फळ्या आणि एक पट्टी.

माझ्यापुरता हा प्रश्न यंदा जरा नाजूक होता. हिच्या माहेरचे कोकणातले घर उतरवले, तेव्हा माळ्याच्या सागवानी फळ्यांपैकी दोन आमच्या वाट्याला आल्या. त्यांतून मुलीसाठी लिहिण्याचे टेबल करायचे आणि त्याला एक खण. लाकूड बरोबर तेवढेच! तुकडा आखूड पडला तर त्या माळ्यावरची तिसरी फळी कुठून येणार? फळ्या माझ्या स्वाधीन करताना ही एवढेच म्हणाली, "जपून हं." लांबलचक व्याख्यान मला हलके गेले असते.

म्हणून पहिले दोन रविवार सागाला हातच लावला नाही. टाकाऊ प्लायवूडची रंध्याची पाटी केली. खाली ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद अशी फळी. तिच्यावर तितकीच लांब, पण ७-८ सेंटिमीटर कमी रुंदीची दुसरी फळी. वरच्या फळीच्या टोकाशी, तिच्या कडेशी बरोबर काटकोन करणारी जाड पट्टी स्क्रूने बसवायची. झाली पाटी. खालच्या फळीच्या उघड्या भागावर रंधा कुशीवर आडवा ठेवून पुढे-मागे सरकवायचा, आणि कामाचा तुकडा पट्टीला टेकवून त्याचे तोंड किंचित बाहेर काढायचे. प्रत्येक फेरीला कागदासारखे सालपट निघते. लाकडाच्या शिरा जिथे आडव्या कापल्या जातात ते फळीचे तोंड रंध्याला फार चिवट. शेवटची कड हमखास फुटते. इथे मागे पट्टीचा आधार असल्यामुळे ती फुटत नाही.

"टेबल कधी दिसणार?" असे घरातून विचारले जात होते. मी काटकोन तपासत होतो. त्याची युक्ती सांगतो, कारण दुकानातला गुण्याही नेहमी खरा असतोच असे नाही. सरळ कडेचे दोन तुकडे पाटीवर सारखेच रंधून घ्यावेत. मग एक उताणा, दुसरा पालथा असे तोंडाला तोंड लावून दोघांची पट्टीला टेकलेली कड एकाच सरळ पट्टीवर ठेवावी. सांध्यातून उजेड दिसला तर पाटी चुकली. आणि चूक दुप्पट होऊन दिसत असल्याने लपत नाही.

धारेचेही तसेच. पटाशी दगडावर नुसत्या हाताने घासली की पाते डुलते आणि धार गोल होते. दोन बाजूंनी पाते पकडणारी चाकाची छोटी चिमटी मिळते. तिच्यातून पटाशी ३० मि.मी. बाहेर काढली की धारेचा कोन ३० अंशांचा होतो. रंध्याचे पाते ३८ मि.मी. काढावे. दर वेळी मोजायला नको म्हणून फळीवर त्या-त्या अंतरावर एकेक ठोकळी ठोकून ठेवावी.

खणाचे माप मात्र टेपने घेऊच नये. टेबल जोडून झाले की खणाच्या तोंडाची फळी त्या जागेलाच लावून चाकूने रेघ मारावी, रेघेच्या किंचित बाहेर करवतावी आणि पाटीवर एकेक सालपट काढत बसवावी. बाजूच्या फळ्याही आपापल्या जागी सरकवून पाहाव्यात. आकडा मध्ये आला की अर्धा मिलिमीटर कुठेतरी सांडतो. कोपऱ्यांना पारव्याच्या शेपटीचा सांधा, म्हणजे डव्हटेल. सागासारख्या लाकडाला त्याचा उतार ८ ला १ ठेवतात. तोही दर वेळी मोजू नये. त्या उताराचा एक ठोकळा कापून ठेवावा.

आता राहिला पावसाळा. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगते. सागाची ३० सेंटिमीटर रुंद फळी कोरड्या दिवसांतून पावसात आली की २-३ मि.मी. सहज वाढते. म्हणून खणाचा तळ चारी बाजूंनी सरसाने चिकटवू नये. त्याच्या शिरा डावीकडून उजवीकडे ठेवाव्यात. तो दोन्ही बाजूंच्या आणि पुढच्या खाचेत नुसता सरकवावा, मागची फळी तळाच्या वर थांबवावी आणि तिथे लांबट भोकातून एकच स्क्रू द्यावा. फुगला तर मागे सरकेल. शेवटी खणाच्या खालच्या कडांना मेणबत्ती घासावी. दिवाळीत उरलेला तुकडा चालतो.