कुणाला दाखवायचंय?

"या वयात वजनं उचलून कुणाला दाखवायचंय?" लग्नाच्या मांडवात, सोसायटीच्या जिन्यात, भाजीवाल्यापाशी हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता त्याला एकदा नीट उत्तर द्यायलाच हवं. विचारणारी माणसं वाईट नसतात. त्यांची समजूत एवढीच, की जो माणूस वर्षानुवर्षं पहाटे उठून लोखंड उचलतो, तो कुणाच्या तरी नजरेसाठी उचलतो. पोरगा असेल तर पोरींसाठी, पोरगी असेल तर फोटोसाठी, आणि माझ्यासारखी ५३ वर्षांची बाई असेल तर तरुण दिसण्याच्या हट्टापायी.

या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. कुठल्याही व्यायामशाळेत भिंतभर आरसे असतात. सोळा-सतरा वर्षांची मुलं बाही वर सरकवून दंड न्याहाळतात. 'महाराष्ट्र श्री'ला गर्दी लोटते ती पीळदार शरीरं बघायलाच. ज्याच्या नावावरून आपण बिनबाह्यांच्या बनियनला आजही 'सँडो' म्हणतो, त्या युजेन सँडोने १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली होती आणि स्वतःचं शरीर तर तो तिकीट लावून दाखवत असे. तेव्हा दाखवण्याची हौस या क्षेत्राच्या जन्मापासून आहे. पुष्कळ लोक त्या हौसेपायीच व्यायामशाळेची पायरी चढतात. पण आपण बोलतोय ते पायरी चढण्याबद्दल नाही. पाच, दहा, वीस वर्षं माणूस तिथे टिकतो कशाच्या बळावर, हा खरा प्रश्न आहे, आणि 'दाखवायला' हे त्याचं उत्तर साफ चुकीचं आहे.

का, ते सांगते. वजनांचा व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढते, पण स्नायू फारसे वाढत नाहीत. या काळात शिकत असतात ते मज्जातंतू. असलेल्याच स्नायूतले जास्तीत जास्त तंतू एका वेळी कामाला कसे लावायचे, हे त्यांना कळायला लागतं. म्हणजे ज्या दिवसांत दांड्यावरचं वजन दर आठवड्याला वाढत असतं, नेमक्या त्याच दिवसांत आरशात काहीही दिसत नाही. जानेवारीत फुललेली व्यायामशाळा होळीपर्यंत ओस पडायला लागते, ती यामुळे. आरशासाठी आलेला माणूस आरशाकडे बघून निघून जातो. पुढे दहा वर्षांनी पुन्हा तेच. जेवढं शरीर बनायचं तेवढं बनून गेलेलं असतं आणि वर्षभराच्या कष्टानंतरही आरशातला फरक दुसऱ्याला सांगावा लागतो. तरीही दहा वर्षांची जुनी माणसं सहाच्या ठोक्याला हजर असतात. नजरेसाठी येणारा माणूस एवढा तोट्याचा व्यवहार इतकी वर्षं करणार नाही.

शरीरसौष्ठवपटू मनोहर आईच यांची गोष्ट मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. उंची चार फूट अकरा इंच. इंग्रजी अमलात एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या थोबाडीत मारली म्हणून ते तुरुंगात गेले आणि वजनांचा व्यायाम त्यांनी नेटाने केला तो तिथे, गजाआड. बघायला कोण होतं? १९५२ साली ते 'मिस्टर युनिव्हर्स' झाले, रंगमंचावर उभे राहिले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे खरंच. पण टाळ्या शेवटी आल्या. २०१६ साली, शंभरी ओलांडून ते गेले आणि त्याच्या काही वर्षं आधीपर्यंत व्यायाम करत होते.

मग टिकवतं काय? माझ्यापुरतं सांगायचं तर एक दोनशे पानी वही. पहिल्या पानावर सात वर्षांपूर्वीची तारीख आहे आणि पुढे लिहिलंय: 'बैठक, नुसता दांडा, ५ वेळा, ३ सेट. गुडघे थरथरले.' नुसता दांडा म्हणजे २० किलो. त्याच्या खाली दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्यात '२२.५'. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची एकेक प्लेट चढली तो दिवस मला आजही लख्ख आठवतो. कोपऱ्यात पडून असलेल्या, बशीएवढ्या, रंग उडालेल्या प्लेटी होत्या त्या. कुणी त्यांना हातही लावत नसे. मी त्या अडकवल्या, खाली बसले आणि उठले. परवाच्या दिवशी जे मला जमत नव्हतं ते आज जमलं होतं, आणि ते जमलं हे कुणाच्या मतावर अवलंबून नव्हतं.

या शेवटच्या वाक्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला आहे. मी तीस वर्षं नोकरी केली. तिथे माझ्या कामाचं मोजमाप दरवर्षी दुसऱ्या कुणीतरी केलं, कधी बरोबर, कधी अन्यायाने. घरातल्या कामाची तर नोंदच नसते. रांधलेलं संपतं, धुतलेलं मळतं. अशा आयुष्यात लोखंड ही एकच गोष्ट मला भेटली जी माझ्या कष्टाचा चोख हिशेब देते. ४० किलो म्हणजे ४० किलो, वशिला लावा किंवा रडा. बर्मिंगहॅमला २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने एकूण २४८ किलो उचलले, मलेशियाच्या खेळाडूने २४९. एका किलोने सुवर्ण गेलं. कोपर दुखावल्यावरही तो शेवटच्या प्रयत्नाला दांड्यापाशी जाऊन उभा राहिला. त्या एका किलोवर वाद घालायला जागाच नव्हती. हरलेल्यालाही ज्याचा निवाडा मान्य करावा लागतो, त्याच्याकडे माणूस पुन्हा पुन्हा जातो.

"मग आपले जोर-बैठका, सूर्यनमस्कार काय वाईट होते? हे लोखंडाचं थेर बाहेरून आलंय," असं म्हणणारे आणखी एक आहेत. त्यांना दोन गोष्टी सांगते. सूर्यनमस्काराचा ज्यांनी ध्यास घेतला, त्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी त्याआधी कित्येक वर्षं सँडोच्या पद्धतीनेच मेहनत केली होती. एका व्यायामाने दुसऱ्याचा हात धरूनच आपल्याकडे प्रवेश केला आहे. दुसरी गोष्ट, वजन उचलणं आपल्याला परकं कधीच नव्हतं. तालमीत मुद्गल होते, करेल होती, दगडी नाल होता. गावात मारुतीच्या देवळापाशी दगडाची गोटी असायची. फरक आहे तो वेगळाच. गोटी एक तर उचलली जायची, नाहीतर नाही. ज्याला ती उचलता येत नसे त्याने बाजूला उभं राहून उचलणाऱ्याकडे बघायचं. दांडा आणि प्लेटी आल्या तेव्हा पहिल्यांदा अशक्त माणसाला पायऱ्या मिळाल्या. १९४५ साली अमेरिकेत थॉमस डीलॉर्म या लष्करी डॉक्टराने जखमी सैनिकांच्या दुबळ्या पायांवर हाच प्रयोग मांडला: झेपेल तेवढं जड वजन द्यायचं, मोजायचं, हळूहळू वाढवायचं. पायरीपायरीने चढणारं वजन हा बलवानांचा चोचला नाही. ती दुबळ्यांची सोय आहे.

बायकांना केला जाणारा उपदेश तर मला सहनच होत नाही. मी पहिल्यांदा ज्या जिममध्ये गेले, तिथल्या ट्रेनरने माझ्या हातात एकेक किलोची गुलाबी डंबेल्स दिली आणि म्हणाला, "मॅडम, बायकांनी जड नाही उचलायचं, पुरुषासारखं अंग होतं." माझी आजी डोक्यावर दोन हंडे आणि काखेत कळशी घेऊन विहिरीवरून चढ चढायची. घरातला भरलेला गॅस सिलिंडर ३० किलोच्या आसपास असतो, तो दारापासून ओट्यापर्यंत नेते कोण? बांधकामावर वाळूची घमेली वाहते कोण? तेव्हा तिला "कुणाला दाखवायचंय" म्हणून कुणी विचारलं नाही, की अंग पुरुषासारखं होईल म्हणून कुणी हात धरला नाही. बाई दुसऱ्यांसाठी ओझं वाहते तोवर ते तिचं काम. स्वतःसाठी वजन उचलायला लागली की मात्र हौस! आणि अंगाचं म्हणाल, तर स्त्रीच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या मानाने इतकं कमी असतं की पिळदार दंड आपोआप येण्याची भीती बाळगण्याचं कारणच नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही भांडायला हवं, कारण तेही तितकीच चुकीची गोष्ट विकतात. मोबाइलवर गडगडाटी संगीत लावून 'प्रेरणा' देणारे व्हिडिओ सकाळ-संध्याकाळ येतात. वेदनेवर प्रेम करा, जग झोपलेलं असताना तुम्ही घाम गाळा, वगैरे. ज्याला रोज प्रेरणा लागते तो फार दिवस टिकत नाही, असं माझं पाहणं आहे. माझ्या वहीतले बहुतेक दिवस साधे आहेत. मन लागलं नाही, गेले, ठरलेलं केलं, आले. आमच्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टरकाका येतात. माझ्या आधी ते पोचलेले असतात. मी दांड्याखाली शिरले की न सांगता मागे येऊन उभे राहतात, सपोर्टला. हात दांड्याच्या दोन इंच खाली, पण दांड्याला लागू देत नाहीत. "आहे, आहे, अजून एक आहे," एवढंच म्हणतात. एखाद्या दिवशी मी गेले नाही तर दुसऱ्या दिवशी विचारतात, "काल खाडा?" त्या दोन शब्दांनी मला जितकं बांधून ठेवलंय तितकं कुठल्याही व्हिडिओने ठेवलं नसतं.

आणि जे पोरगे 'लवकर' शरीर बनवायला सुया टोचून घेतात, त्यांच्याबद्दल गप्प बसणं लबाडीचं होईल. शस्त्रक्रियेच्या वेळी खाली आलेला रक्तदाब वर आणायचं मेफेन्टरमाईनचं इंजेक्शन व्यायामाआधी टोचून घेणारी मुलं आपल्याच शहरांत आहेत. कितीही शरीर कमावलं तरी आपण किडकिडीतच आहोत असं वाटत राहण्याचा एक मानसिक आजारही आहे. टीकाकार हे सगळं वजनांच्या खात्यावर मांडतात. मला त्यात नेमकं उलट दिसतं. ही मुलं स्वतःची वही सोडून दुसऱ्याच्या फोटोशी स्वतःला मोजत बसली, तिथे ती बुडाली. त्यांना व्यायामशाळेतून हाकलू नका. त्यांच्या शेजारी एखादा जुना माणूस उभा करा.

मी वजनांकडे वळले त्याचं कारण माझी आई. ६८ व्या वर्षी ती सत्यनारायणाच्या पूजेला पाटावर बसली आणि तिला उठता येईना. हसण्यावारी नेत दोघींनी काखेत हात घालून तिला उभी केली. ती हसली नाही. त्यानंतर ती पाटावर कधीच बसली नाही. वय झालं, असं आम्ही सगळेच म्हणालो. ते अर्धसत्य होतं, हे मला फार उशिरा कळलं. बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांसाठी जड वजनांचा व्यायाम दिला गेला. १९९० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची चालतानाची काठी सुटली. आधी हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठू न शकणारे तिघे होते, त्यातला एक जण हात न टेकता उठायला लागला. माझ्या आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं.

म्हणून ज्यांच्या हातात व्यायामशाळांच्या किल्ल्या आहेत, त्या मंडळांना आणि नगरपालिकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. सकाळी नऊ ते अकरा तुमची जागा रिकामी असते. त्या वेळेत साठीच्या पुढच्यांना आणि बायकांना आत येऊ द्या, सव्वा किलोच्या प्लेटी विकत आणा, आणि दाराशी एक वही आणि पेन्सिल बांधून ठेवा.