नोंदवही कोणाच्या हाती?

संगणक-प्रणाली उभारणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे आज एक प्रश्न हटकून येतो. आज्ञावलीतील दोष शोधणाऱ्या साधनावर पैसा खर्च करावा, की प्रणाली सुरू झाल्यावर तिच्यावर अहोरात्र देखरेख ठेवणाऱ्या साधनावर? पहिल्या जातीत सोनारक्यूबसारखी साधने मोडतात, दुसऱ्या जातीत प्रोमिथियस, डेटाडॉग, सेंट्री ही नावे घेतली जातात. विक्रेते आपापल्या मालाची थोरवी गातात आणि व्यवस्थापन दरपत्रके ताडून निर्णय घेते. त्या प्रणालीच्या बऱ्यावाईटावर ज्याची भाकरी अवलंबून आहे, त्या माणसाला मात्र कोणी विचारीत नाही.

वस्तुतः ही दोन साधने एकमेकांना पर्याय नव्हेतच. गिरणीत बॉयलर पेटवण्यापूर्वी त्याचा पत्रा आणि सांधे तपासावे लागतात, आणि पेटवल्यावर दाबमापकाच्या काट्यावर नजर ठेवावी लागते. सांधे तपासले म्हणून काटा काढून टाकता येत नाही. आज्ञावली तपासणारे साधन ती न चालवताच वाचते आणि पुनरुक्ती, निरुपयोगी भाग, न हाताळलेल्या चुका दाखवून देते. परंतु आडगावी तार तुटली असता व्यवहाराचे काय होईल, हे ते सांगू शकत नाही. देखरेखीचे साधन प्रणाली कोठे मंदावली, कोठे अडली हे सांगते. परंतु प्रणाली न अडखळता चुकीची बेरीज करीत असेल, तर ताळा घेण्याची सोय मुद्दाम केल्याखेरीज त्यालाही पत्ता लागत नाही.

मग दोन्ही साधने घेतली की प्रश्न सुटला, असे कोणी म्हणेल. तसे म्हणणाऱ्याने ब्रिटनमधील होरायझन प्रकरण अवश्य अभ्यासावे.

ब्रिटनच्या सरकारी मालकीच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून डाकघरांचे हिशेब होरायझन या प्रणालीवर नेले. ती आयसीएल या कंपनीने तयार केली होती. ही कंपनी जपानच्या फुजित्सूच्या मालकीची. लवकरच डाकघरे चालवणाऱ्या सबपोस्टमास्तरांच्या हिशेबांत तुटी दिसू लागल्या. करारानुसार तूट त्यांनीच खिशातून भरायची होती. ज्यांना ती भरता आली नाही, त्यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले गुदरण्यात आले, आणि बहुतेक खटल्यांत फिर्यादी खुद्द पोस्ट ऑफिसच होते. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. अनेकांनी तुरुंगवास भोगला, अनेकांची घरे गेली.

आता तपासणी आणि देखरेख यांचे काय झाले ते पाहावे. आज्ञावलीची तपासणी झाली होती! १९९८ मध्येच कंपनीच्या अंतर्गत अहवालाने हिशेबाच्या भागाचे वाभाडे काढले होते. संख्येचे चिन्ह उलटे करण्यासाठी एक वजाचिन्ह पुरते, तेथे अटी घालून वेगळीच आकडेमोड केलेली होती. तो भाग नव्याने लिहावा, असे तपासणाऱ्यांचे मत होते. तसे झाले नाही. देखरेखही होती. ज्ञात दोषांची नोंदवही कंपनीत ठेवली जात होती. दोष होता तो साधनांच्या अभावाचा नव्हता. नोंदवही कंपनीच्या कपाटात होती आणि आरोपीच्या पिंजऱ्यात सबपोस्टमास्तर उभा होता. मदतकेंद्राला दूरध्वनी करणाऱ्या कित्येकांना सांगण्यात येई की अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच. डाकघराच्या हिशेबात कंपनीच्या माणसांना दुरून हात घालता येतो, हे तर पोस्ट ऑफिसने वर्षानुवर्षे नाकारले.

सत्य बाहेर आले ते संघटित झाल्यामुळे. अ‍ॅलन बेट्स आणि त्यांचे सहकारी २००९ मध्ये एकत्र आले. पुढे ५५५ जणांनी एकत्रित दावा लढवला आणि डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने होरायझनमधील दोष मान्य केले. २०२४ मध्ये तर पार्लमेंटला कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. या लढ्यात सबपोस्टमास्तरांचा अधिकृत महासंघ मात्र पोस्ट ऑफिसच्या बाजूने उभा होता. तो पोस्ट ऑफिसपासून स्वतंत्र नाही, असा अभिप्राय न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. यातला बोध कार्यकर्त्यांना वेगळा सांगायला नको.

उदाहरण परदेशातले असले तरी प्रश्न परका नाही. एसटीच्या वाहकाचा भरणा आज तिकीटयंत्राच्या आकड्याशी ताडला जातो. ग्रामीण डाकसेवकाचे आणि पतसंस्थेच्या कारकुनाचे व्यवहार संगणकात नोंदले जातात. उद्या आकडा जुळला नाही, तर खोटा कोण ठरेल, यंत्र की माणूस?

म्हणून साधनांची निवड करताना किंमत आणि सोय यांच्या आधी तीन अटी घातल्या पाहिजेत. तपासणीचा अहवाल आणि दोषांची नोंदवही कामगारांच्या प्रतिनिधींना पाहता आली पाहिजे. आपल्या नावावरील प्रत्येक व्यवहाराची, त्यात दुरून झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद कर्मचाऱ्याला मागता क्षणी मिळाली पाहिजे. आणि नोंदी विक्रेत्याच्या कुलपात न राहता संस्थेच्या ताब्यात राहिल्या पाहिजेत. प्रोमिथियससारखी मुक्त साधने येथे उपयोगी पडतात. तथापि मुक्ततेचीही हमी गृहीत धरू नये. सेंट्रीने २०१९ मध्ये आणि इलॅस्टिकने २०२१ मध्ये आपल्या परवान्याच्या अटी आवळल्याच होत्या.

ग्राहकांची खासगी माहिती नोंदींत असते, ती सर्वांना कशी दाखवावी, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ग्राहकाचे नाव झाकता येते. त्या निमित्ताने दोष झाकण्याचे कारण नाही. तसेच यंत्रावरील देखरेखीच्या नावाखाली माणसावर पाळत ठेवली जाणार नाही, हेही करारात लिहून घ्यावे लागेल.

प्रणाली विकत घेण्याचा करार व्हायचा असतो, तेव्हाच या अटी मांडण्याची वेळ असते. तूट निघाल्यानंतर नोंदवही मागणाऱ्याला ती मिळवण्यासाठी ब्रिटनमध्ये वीस वर्षे लागली.